अर्विंगच्या सायकलबाई

बाई वळायच्या आधी हात दाखवायच्या. सायकलवर दाखवायच्याच, पण पायी चालतानाही. इंडियन ग्रोसरीत ढकलगाडी घेऊन डाळींच्या रांगेतून मसाल्यांकडे वळायचं असलं, की खांद्यापासून सरळ, बोटं जुळवून, हात बाहेर. मागून येणाऱ्या बायका आधी दचकायच्या, मग हसायच्या. बाई हसत नसत. "मागच्याले कळाले पाहिजे ना," एवढंच म्हणायच्या.

या हाताबद्दल मला जे सांगायचं आहे, ते मी पुष्कळ वर्षं टाळलं. आधी वाटलं, विषय थंड होऊ दे. मग वाटलं, थंड झालेला विषय कशाला उकरायचा. आता मी ऐंशी पार केली आहेत आणि कुणाला वाईट वाटेल ही भीती उरलेली नाही. ज्याला वाटायचं त्याला वाटू दे. डॅलसच्या आसपासच्या जुन्या मराठी मंडळींत अजूनही कुणी ना कुणी सांगतं, की त्या सायकलवाल्या काकू गाडीला एकदम आडव्या आल्या होत्या. हे खोटं आहे. ते खोटं असल्याचं मला पक्कं माहीत आहे, कारण पहिल्यांदा ते मीच सांगितलं.

पण आधी बाई कोण होत्या ते सांगू द्या.

बाई वर्धा जिल्ह्यातल्या. सरकारी नर्स, पण दवाखान्यात बसणाऱ्या नव्हेत, गावोगाव फिरणाऱ्या. नवरा लवकर गेला. त्यांच्याकडे चार खेडी होती आणि ती त्यांनी तीस वर्षं सायकलवरून सांभाळली. बाळंतिणी, पोरांच्या लशी, तापाच्या गोळ्या. निवृत्त झाल्यावर एकुलत्या एका मुलाने त्यांना डॅलसजवळच्या अर्विंगला आणलं. ही दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. मुलगा आणि सून दोघेही कंपनीत. दोघेही भले, दोघेही दिवसभर बाहेर.

तेव्हाचं अर्विंग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सहा पदरी रस्ते, उन्हाळ्यात पायाला चिकटणारं डांबर, आणि मध्येच संपणारे फूटपाथ, जणू बांधणाऱ्याला कुणी जेवायला हाक मारली आणि तो परत आलाच नाही. गाडी नसेल तर माणूस घरात. मुलांकडे राहायला आलेले कितीतरी आईवडील त्या अपार्टमेंटांमधून होते. सकाळी आठला मुलं गेली की संध्याकाळी सातपर्यंत ही माणसं खिडकीशी. कुठे जायचं तर राईड मागायची. आमच्याकडे संगमनेरचे एक निवृत्त हेडमास्तर होते. ज्यांच्यासमोर तालुका उभा राहायचा, ते गृहस्थ मला फोन करून "तुम्ही त्या बाजूला जाणारच असाल तर, नसाल तर राहू द्या" असं चारदा घोटून विचारायचे. काय हवं असायचं? देवळापर्यंत राईड.

बाईंनी तीन आठवडे खिडकी पाहिली. चौथ्या आठवड्यात कुणाच्या तरी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून एक जांभळी लेडीज सायकल ढकलत घरी आणली. मागच्या कॅरियरला दुधाचा प्लॅस्टिकचा क्रेट सुतळीने बांधला. हेल्मेट अंबाड्यावर बसेना म्हणून अंबाडा मोडला. "साठाव्या वर्षी वेणी घातली भाऊ," मला म्हणाल्या, "अमेरिकेनं तरुण केलं."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भर दुपारी. पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत मुलाचे जुने बूट. मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि मराठी चेहरा ओळखून म्हटलं, "बाई, गाडी बंद पडली का? या, बसा."

"कोणाची गाडी?" त्या म्हणाल्या. "माझी तर चालून राहिली."

सुरुवातीला सगळेच थांबायचे. पोलिससुद्धा. टेक्सासमध्ये मोठं माणूस सायकलवर दिसलं की लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर ते कंगाल असेल, नाहीतर दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याचं लायसन्स गेलं असेल. आमच्या मराठी मंडळात दोन्ही अफवा फिरल्या. एकाने मुलाला सल्लाही दिला, "अरे यार, आईला एखादी सेकंडहँड गाडी घेऊन दे, शिकव तिला. बरं दिसत नाही." ते बाईंच्या कानावर गेलं.

"बरं दिसाले मी काय पडदा आहे?" बाई म्हणाल्या.

सायकलवाल्यांचे त्यांनी दोन वर्ग केले होते, रविवारचे आणि रोजचे. रविवारचे म्हणजे घट्ट चड्ड्या घालून घोळक्याने जाणारे, गाडीच्या टपावरून सायकल आणून तळ्याभोवती फिरवणारे. त्यांच्याशी बाईंचं वैर नव्हतं, पण त्यांना त्या मोजत नसत. "सायकलले गाडीत बसवून आणते लोकं," हे त्या मला अगदी गंभीरपणे सांगायच्या. रोजचे वेगळे. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काम करणारे मेक्सिकन, वृद्धाश्रमात रात्रपाळी करून परतणारा एक उंच काळा माणूस, आणि खरोखरच लायसन्स गेलेला एक दाढीवाला गोरा म्हातारा. मी तीस वर्षं त्या रस्त्यांवरून गाडी चालवली आणि ही माणसं मला कधी दिसली नव्हती. बाईंना ती सहा महिन्यांत चेहऱ्याने माहीत झाली. कोणाचं चाक वाकलंय, कोणाला मुलगी झाली. ग्रोसरीच्या मागच्या टाकेरियातल्या, म्हणजे मेक्सिकन खानावळीतल्या, एका आचाऱ्याने त्यांच्या चेनला तेल घालून दिलं. बाईंनी त्याला लिंबाचं लोणचं दिलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती.

सायकल त्यांना कशासाठी हवी होती, ते ऐका. नर्स असताना त्यांचं मुख्य काम असायचं गृहभेटी. ठरलेल्या वारी, ठरलेल्या घरी जायचं. इथेही त्यांनी तेच सुरू केलं. त्या खिडकीशी बसलेल्या माणसांची त्यांनी यादी केली. अकरा घरं. क्रेटमध्ये भारतातून आणलेलं ब्लडप्रेशरचं यंत्र, पाण्याची बाटली, आणि याच्या घरची मेथी त्याच्या घरी. प्रेशर बघायचं, अर्धा तास बसायचं, निघायचं. औषध कधी देत नसत. "इथं मी नर्स नाही. मी फक्त येते," म्हणायच्या.

हेडमास्तरांकडे त्यांनी तर सौदाच केला. मी प्रेशर बघते, तुम्ही दर वेळी पाच इंग्रजी वाक्यं शिकवा. हेडमास्तर आदल्या दिवसापासून वाक्यं काढून ठेवायला लागले. दाढी रोज करायला लागले. त्यांची सून माझ्या बायकोला म्हणाली, "मावशी, बाबा आता फोनवर रडत नाहीत."

अपघात झाला तो गणपतीच्या आधीच्या शनिवारी, दोन हजार चार साली. मी तेव्हा मंडळाचा अध्यक्ष होतो. मंडळातला एक इंजिनियर, पुण्याचा, बत्तीस-तेहतीसचा, गाडी चालवत होता. मी त्याच्या शेजारी. माझ्या हातात सामानाची यादी होती. आम्ही ग्रोसरीच्या रस्त्याने चाललो होतो आणि मी त्याला झाडत होतो. "मोदकांची ऑर्डर किती दिलीस? हे बघ, इथे काय लिहिलंय ते बघ." आणि मी तो कागद त्याच्या तोंडासमोर धरला.

मला हात आधी दिसला, बाई नंतर. डावा हात, खांद्यापासून सरळ, बोटं जुळवलेली. त्यांना डावीकडे ग्रोसरीच्या आवारात वळायचं होतं. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, हात तसाच ठेवला आणि सावकाश रस्त्याच्या मध्याकडे आल्या, नियमाने यावं तशा. आम्ही बरेच मागे होतो. "अरे, बाई आहेत पुढे" एवढं म्हणायला मला भरपूर वेळ होता. मी म्हणालो, "आणि पेपर प्लेट्स?"

तो कागदाकडे बघत होता. समोर पाहिलं तेव्हा दचकून त्याने ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे काढली. सायकलचं मागचं चाक बंपरखाली आलं आणि बाई दुभाजकावरच्या गवतात पडल्या. खांद्याजवळचं हाड मोडलं. हेल्मेटला तडा गेला, डोकं वाचलं.

तो पोरगा गाडीतून उतरून माझ्याकडे धावला. "काका, माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. काका, मला परत पाठवतील. बाळ दोन महिन्यांचं आहे हो." अपघाताच्या तिकिटाने, म्हणजे पोलिसाच्या दंडाच्या पावतीने, कुणाचं ग्रीन कार्ड जात नाही, हे तीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या मला कळायला हवं होतं. पण ही भीती आमच्या हवेतच होती. लोक लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत करतानाही वकिलाला विचारायचे. आणि एक सांगतो, त्या पोराने मला खोटं बोल असं सांगितलं नव्हतं. तो फक्त रडत होता.

पोलिस आला. त्याने बाईंना विचारलं, काय झालं? बाई वेदनेने पांढऱ्या पडल्या होत्या, हेडमास्तरांची वाक्यं त्या क्षणी कुठून आठवणार. मी पुढे झालो. म्हटलं, मी सांगतो त्यांचं.

बाई मला म्हणाल्या, "भाऊ, त्याले सांगा, मी हात दाखवला होता. मागं पाहिलं होतं."

मी पोलिसाला इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, सॉरी. त्या एकदम आडव्या आल्या, त्यांचं चुकलं. त्या इथे नवीन आहेत."

आपल्याकडे हे असंच चालतं, नाही का? रस्त्यात काही झालं की कुणी वडीलधारा मध्ये पडतो, ज्याचं फार काही जाणार नाही त्याच्या वतीने माफी मागतो, आणि लोक आपापल्या घरी जातात. मी असे कितीतरी तंटे मिटवले होते, मला त्याचा अभिमान होता. मनात हिशेब झाला होता: पोराचं अख्खं आयुष्य पुढे आहे, बाईंचं काय जातंय? पण इथे सॉरी म्हटलं की माणसं घरी जात नाहीत. लिहून घेतात. पोलिसाने ते शब्दशः लिहून घेतलं आणि धोकादायक वळण घेतल्याबद्दल बाईंनाच तिकीट दिलं.

आणि सॉरी हा शब्द बाईंना येत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली.

मुलाने वाकडी सायकल बाल्कनीत साखळीने बांधली आणि किल्ली खिशात टाकली. "आई, आता बस. काका स्वतः गाडीत होते, तेच म्हणाले तुझी चूक होती. तिकीट पे करून टाकू, मॅटर क्लोज."

"चूक माझी असती तर सायकल मीच विकली असती," बाई म्हणाल्या. "मी कोर्टात जाते."

दोन आठवड्यांनी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. हात झोळीत, चालत आलेल्या, दोन मैल. बायकोने पाणी दिलं ते उभ्यानेच प्यायल्या.

"भाऊ, कोर्टाची तारीख आली. तुम्ही या. माझ्या बाजूनं नका बोलू. पाहिलं तेवढंच सांगा."

"बाई, त्या पोराचं ग्रीन कार्ड अडकलंय."

"आणि माझी अकरा घरं? तीस वर्षांत मी कोणाच्या बैलगाडीलेही आडवी गेली नाही. आता कागदावर आडवी गेली म्हणून लिहून राहिले. पोरगा म्हणते, कागद खोटं बोलते का?"

"बघतो," मी म्हणालो.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "बघतो म्हणजे नाही."

मी गेलो होतो. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कोर्टाच्या पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत बसलो होतो. बस थांब्याकडून बाई आल्या, पांढऱ्या साडीत, निळ्या काठाच्या. नर्सची असणार. बरोबर कोट घातलेले हेडमास्तर. दारात बाई थांबल्या, मागे वळून सगळ्या पार्किंगवर नजर टाकली. मी सीटमध्ये खाली सरकलो. त्या आत गेल्या.

आत काय झालं ते हेडमास्तरांनी पुढे वर्षभर सांगितलं. दुभाषा म्हणून ते उभे राहिले तर बाईंनी त्यांना बसवलं. "माझं मी बोलते गुरुजी. मागच्या वेळी दुसऱ्यानं बोललं होतं." मग स्वतःच्या इंग्रजीत, "आय नर्स. थर्टी इयर सायकल. आय सी बॅक. आय शो हँड." आणि मोडक्या खांद्याचा हात झोळीतून काढून दाखवायला निघाल्या. जज म्हणाला, नको नको. त्याने सुचवलं, सुरक्षित ड्रायव्हिंगचा वर्ग करा, तिकीट रद्द होईल. बाई म्हणाल्या, नो लायसन्स. त्याने भुवया उंचावल्या, लायसन्सशिवाय गाडी चालवत होतात? तेव्हा बाईंनी दोन्ही पाय पॅडल मारल्यासारखे करून दाखवले आणि सगळं कोर्ट हसलं. पण पोलिसाच्या कागदावर लिहिलेलं होतं: सोबतच्या गृहस्थांमार्फत चूक मान्य केली. जजने विचारलं, दुसरा साक्षीदार आहे? बाईंनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, नो. आज नॉट कम.

निकाल विरुद्ध गेला. जज म्हणाला, पुढच्या वेळी काळजी घ्या. बाई म्हणाल्या, "आय टेक. लास्ट टाइम ऑल्सो."

बाहेर पडताना मी त्यांना पाहिलं. मला वाटलं होतं खांदे पडलेले असतील. त्या हेडमास्तरांना काहीतरी सांगत हसत होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर मुलासमोर आपला पासपोर्ट ठेवला. "एक तर माझं परतीचं तिकीट काढ, नाही तर किल्ली दे. खिडकीपाशी मी बसत नाही." मुलाने तीन दिवस किल्ली दिली नाही. चौथ्या दिवशी टाकेरियातला तो आचारी सुटीच्या वेळात नवं चाक घेऊन आला, आणि किल्ली मुलाने स्वतः खाली आणून दिली. खांदा जुळून आला तशा बाई पुन्हा रस्त्यावर. त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर. मंडळातले लोक म्हणाले, "काय हट्टी बाई आहे! एवढं होऊन शहाणपण नाही." मी तिथेच होतो. मान डोलावली.

हट्ट नव्हता तो. त्यांचं बरोबर होतं, इतकंच. बरोबर असलेल्या माणसाने का बदलायचं? हे मी तेव्हा भर सभेत म्हणायला हवं होतं. आता छापून म्हणतो. ज्यांना फोन करायचा त्यांनी करावा.

त्या इंजिनियरला ग्रीन कार्ड मिळालं, दुसऱ्या राज्यात गेला. दिवाळीला त्याचं शुभेच्छापत्र यायचं, मुलाचा फोटो असायचा. मी एकदाही उत्तर पाठवलं नाही.

दोन हजार सहाच्या शेवटी माझी बायको गेली. मुली आल्या, तेरावं करून गेल्या. मी खिडकीशी बसायला लागलो. गाडी होती, किल्ली होती, पण जायचं कुठे? एका गुरुवारी दारात सायकल टेकवल्याचा आवाज आला. बाई यंत्र घेऊन आत आल्या आणि खुर्ची ओढली.

"तुमचं नाव यादीत घातलं. बाही वर करा."

त्यानंतर पावणेदोन वर्षं, दर गुरुवारी. त्या कधीही त्या दिवसाबद्दल बोलल्या नाहीत. टोमणा नाही, नजर नाही. मीठ किती खाता, चालता का, मुलीचा फोन आला का. पट्टा दंडाला गुंडाळला की मी तोंड उघडायचो आणि त्या म्हणायच्या, "बोलू नका. बोललं की आकडा चुकते." मला ते सोयीचं होतं. पट्टा निघाला की मी चहा ठेवायला उठायचो.

दोन हजार आठमध्ये मुलाची नोकरी गेली आणि दुसरी मिळाली ती कॅरीला, नॉर्थ कॅरोलिनात. सायकल ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढली. तिथेही बाईंनी यादी केली असं कळलं, सात घरांची. आणि दोन वर्षांनी, झोपेतच गेल्या असंही कळलं. मुलाला फोन केला. म्हटलं, फार वाईट झालं. त्याला खरं सांगायचं म्हणून फोन केला होता. ते झालं नाही.

पण अर्विंगमधला त्यांचा शेवटचा गुरुवार सांगायचा राहिला.

सकाळपासून मी वाक्य तयार करत होतो. बाई, मी तुम्हाला पाहिलं होतं, मी खोटं बोललो, मला क्षमा करा. स्वयंपाकघरात तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. त्या आल्या, बसल्या. पट्टा गुंडाळला. मी म्हणालो, "बाई..." आणि त्या नेहमीसारखं म्हणाल्या, "बोलू नका." हवा भरली, हळूहळू सोडली. कानांतून नळ्या काढल्या. पट्टा सोडवला. एरवी त्या लगेच घडी घालून यंत्र मिटायच्या. त्या दिवशी पट्टा मांडीवर तसाच ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. घाई नव्हती त्यांना.

"बोला आता, भाऊ," त्या म्हणाल्या. "झालं माझं."

मी विचारलं, "किती आलं?"